हिरवा दिवा विझू नये म्हणून

या वेळचं पत्र पुण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्यांचं वय ३४. पुनावळ्याला हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट, घरी पत्नी आणि सात वर्षांची मुलगी, आईवडील मिरजेला. एका मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीत नऊ वर्षं झाली, २०२० पासून बहुतेक काम घरूनच. दीड वर्षापूर्वी वडिलांची बायपास झाली. कंपनीचा मेडिक्लेम पुरला नाही आणि पर्सनल लोन, नातेवाइकांची उसनवारी असं मिळून सहा लाखांचं देणं झालं. त्याच सुमारास बेंगळुरूच्या एका छोट्या स्टार्टअपची ऑफर आली, तीही घरून करायच्या पूर्णवेळ नोकरीची. पहिली न सोडता त्यांनी ती घेतली. गेले चौदा महिने दोन्ही चालू आहेत आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. देणं मार्चमध्ये फिटलं, नोकरी चालूच राहिली. दोन कॉल एकाच वेळी आले की पत्नी पहिल्या लॅपटॉपचा माउस हलवत बसते, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर नावापुढचा हिरवा दिवा विझत नाही. अगदीच जमलं नाही तर ते 'बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय' असं कळवतात. टीममधली एक ज्युनियर मुलगी मग त्यांचं काम सांभाळते आणि दर वेळी विचारते, "काका कसे आहेत आता?" बाबा केव्हाच बरे झालेत. आता पहिल्या कंपनीने पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात बोलावलं आहे आणि टीम लीड करण्याचंही बोलून दाखवलं आहे. ते विचारतात: "दोन्हीकडचं काम वेळेवर होतं, रेटिंग चांगलं आहे, टीडीएस कापला जातो. कंपन्या एका मेलवर माणसं काढतात. मोठे लोक दहा-दहा कंपन्यांवर संचालक असतात. मग मी कोणाचं काय बुडवतोय? आणि सोडायचीच झाली तर कोणती सोडू? कोणाला सांगू का?"

नमस्कार,

चार पानांच्या तुमच्या पत्रात साडेतीन पानं हिशेबाची आहेत. पगार, हप्ता, तास, रेटिंग, कायद्याची कलमं. मधेच एका ओळीत ती ज्युनियर सहकारी डोकावते, "तेव्हा कसंतरी होतं" असं तुम्ही लिहिता आणि लगेच पुन्हा तासांच्या गणिताकडे वळता. मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओळीपाशी अडखळले. तिच्याकडे मी येणार आहे. पण तुम्ही एवढ्या कष्टाने मांडलेला हिशेब बाजूला सारणं बरं नाही, म्हणून आधी तोच घेऊ.

दोन ठिकाणी राबणं यात काही पाप नाही, हे मला मान्य आहे. माझे वडील शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी एका किराणा दुकानदाराच्या खतावण्या लिहायचे. आम्हा तिघा भावंडांची वह्या-पुस्तकं त्या खतावण्यांवर निघाली. आपल्याकडे कितीतरी घरांत असं एखादं दुसरं काम असतंच. कुणी शिवणकाम करतं, कुणी विम्याची एजन्सी चालवतं, कुणी शनिवारी गावी जाऊन शेत बघून येतं. वडिलांचं ते काम मुख्याध्यापकांना माहीत होतं आणि शाळेची वेळ दुकानदाराला. लहानपणी या गोष्टीकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. तुमचं पत्र वाचताना ती आठवली.

कायद्याबद्दलही तुम्ही बरंचसं बरोबर लिहिलं आहे. खासगी नोकरदाराने दुसरी नोकरी धरली की तो गुन्हेगार ठरतो, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यात एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला मनाई होती, पण तुम्ही कारखान्यात नाही. तुमचा प्रश्न ऑफर लेटरचा आहे. "करार कायद्याच्या कलम २७ मुळे अशी बंधनं टिकतच नाहीत" असं तुम्ही म्हणता, ते अर्धंच खरं आहे. १८७२ च्या कायद्यातलं ते कलम नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांच्या आड येतं. नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हाच फरक केला. गोलिकरी कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यात पाच वर्षांच्या करारावर होते आणि मुदत संपायच्या आत राजस्थानातल्या दुसऱ्या कंपनीत गेले. कराराच्या मुदतीत दुसरीकडे काम करायचं नाही, ही अट न्यायालयाने योग्य ठरवली. तेव्हा तुरुंगाची भीती बाळगू नका, पण अट टिकणार नाही या भरवशावरही राहू नका. दोन्ही ऑफर लेटरं कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा दाखवा.

२०२२ मध्ये अशा दुहेरी नोकऱ्यांचा वाद पेटला होता, तेव्हाची कात्रणं तुम्ही जपून ठेवलेली दिसतात. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर म्हणाले होते की माणसांना बांधून ठेवण्याचे कंपन्यांचे प्रयत्न टिकणार नाहीत. हे तुम्ही उतरवून घेतलंत. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी याला सरळ सरळ फसवणूक म्हटलं आणि प्रतिस्पर्ध्यांकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं, ते मात्र तुम्ही वगळलंत. मला त्या वर्षातली तिसरीच बातमी जास्त महत्त्वाची वाटते. सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांना कडक शब्दांत बजावणाऱ्या इन्फोसिसने ऑक्टोबरमध्ये बाहेरची छोटी कामं करायला मुभा दिली. अट एवढीच की आधी परवानगी घ्यायची आणि काम कंपनीच्या किंवा तिच्या ग्राहकांच्या विरोधात जाणारं नसावं. म्हणजे 'दुसरं काम' या शब्दांशी कंपनीचं भांडण नव्हतं. तुम्ही मात्र चौदा महिन्यांत एकदाही विचारून पाहिलं नाहीत. विचारलं असतंत तर नाही म्हणाले असते, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून.

आता तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा: "काम वेळेवर होतं, मग बुडालं कोणाचं?" आठ तासांचं काम चार तासांत उरकणाऱ्याने उरलेले चार तास खुर्ची का उबवावी, हा प्रश्न मलाही पडतो. कंपनी तुम्हाला नगावर पैसे देत असती, एवढं काम करा आणि एवढे घ्या, तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. पण तुम्ही सर्व्हिस कंपनीत आहात आणि दर शुक्रवारी टाइमशीट भरता. अमुक क्लायंट, अमुक प्रोजेक्ट, चाळीस तास. तुमचं प्रोजेक्ट तासांवर बिल होतं, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे शुक्रवारी तुम्ही लिहिलेला आकडा कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या बिलावर चढतो आणि तिथला कुणीतरी तो खरा मानून पैसे देतो. दुकानदाराने मापात मारलं आणि वर म्हणाला, 'पण साखर चांगली होती ना?' तर तुम्ही काय म्हणाल? साखर चांगली असेलही. तुम्ही पैसे किलोचे दिले होते.

यावर तुमचं उत्तर मला ऐकू येतंय: "सगळेच चाळीस भरतात, काम असो नसो." खरं आहे. त्या टाइमशीटमध्ये आधीपासूनच पुष्कळ खोटं असतं आणि ते बऱ्याचदा वरूनच भरायला सांगितलेलं असतं. पण रिकाम्या वेळेत चहा पिणारा माणूस फोन आला तर उचलतो. तुम्ही त्या वेळी बेंगळुरूच्या कॉलवर असता.

संचालकांचं उदाहरण तुम्ही फार जोरात दिलं आहे, म्हणून त्याच्याशी थोडी थांबते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे एका माणसाला वीस कंपन्यांवर संचालक राहता येतं, त्यातल्या पब्लिक कंपन्या दहापेक्षा जास्त नकोत. म्हणजे तुम्ही म्हणता तसे लोक आहेतच. पण त्याच कायद्याने त्यांना दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत आपला आणखी कुठे कुठे संबंध आहे हे लेखी सांगावं लागतं. सरकारी डॉक्टरांचंही असंच आहे. खासगी प्रॅक्टिस करायची नसेल तर त्यांना व्यवसायरोध भत्ता मिळतो. 'आमच्याशिवाय दुसरीकडे काम करू नका' या शब्दाला किंमत असते आणि ती उघडपणे ठरवता येते, हे तो भत्ता सांगतो. तुम्हाला ती किंमत कमी वाटत असेल तर कंपनीशी त्यावर भांडायला मी तुमच्या बरोबर येईन. तुम्ही ऑफर लेटरवर सही करून शब्द विकलात आणि तो व्यवहार चालू असतानाच तोच शब्द दुसऱ्यालाही विकलात.

कंपन्या वागतात कशा, हे मी नाकारत नाही. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड तुमच्यावर आणि काढायचं झालं की सकाळी लॉगिन बंद. कॅम्पसमध्ये निवडलेली पोरं महिनोन्महिने जॉइनिंगच्या मेलची वाट बघत बसतात. हे अन्यायाचं आहे आणि त्यावर राग यायलाच हवा. पण तुम्ही लिहिता, "मग मी निष्ठा का ठेवू?" ठेवू नका. निष्ठा मी मागतच नाही. उद्या जास्त पगाराची ऑफर आली तर खुशाल पेपर टाका, कुणालाही वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मी फक्त खरेपणाबद्दल बोलते आहे आणि तो तुम्ही कंपनी नावाच्या इमारतीशी पाळत नसता. त्या इमारतीला तुम्ही कधी फसवलंच नाहीत. तुमचं खोटं तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, ते वाटेत एका मुलीपाशी थांबतं.

तिच्याबद्दल तुम्ही फारसं लिहिलेलं नाही. दोन वर्षांचा अनुभव, हिंजवडीला पीजीत राहते, एवढंच. तुम्ही 'बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय' म्हणता तेव्हा ती रात्री अकराचं रिलीज, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करून देण्याचं काम, आपल्या अंगावर घेते. हे ती कंपनीसाठी करत नाही, अप्रेझलमध्ये याचे गुण नसतात. ती तुमच्या वडिलांसाठी करते. मिरजेतल्या एका म्हाताऱ्या माणसासाठी, ज्याला तिने कधी पाहिलेलं नाही. चौदा महिने तुम्ही तिच्याकडून ही माया उसनी घेत आहात आणि तिला वाटतंय की ती कुणाच्यातरी आजारपणात कामी येते आहे. सहा लाख फिटले. हे देणं तुमच्या हिशेबाच्या साडेतीन पानांत कुठेच नाही. पण "कसंतरी होतं" असं लिहिताना तुमच्या मनाने ते मांडलंच होतं.

आणखी एक. बायपास झालेल्या माणसाला पुन्हा त्रास होऊ शकतो. देव करो आणि तसं न होवो, पण उद्या खरोखर मध्यरात्री मिरजेहून फोन आला तर तुम्ही टीमला कोणत्या शब्दांत सांगणार? ते शब्द तुम्ही आधीच वापरून टाकले आहेत.

घरातलं मला विचारायचं होतं. पत्नी माउस हलवते एवढं तुम्ही लिहिलंत. तिला हे कसं वाटतं, ते पत्रात कुठेच नाही. "घरच्यांसाठीच करतोय" हे वाक्य दोनदा आलं आहे. घरच्यांना विचारून बघितलं आहे का? संध्याकाळी एक बाई दुसऱ्याच्या लॅपटॉपशी माउस धरून बसली आहे आणि मुलगी शेजारच्या खोलीत गप्प राहायला शिकते आहे. हे चित्र डोळ्यांपुढे आणा आणि एक शांत रविवार बघून तिला विचारा. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. कदाचित तिलाच हे पैसे हवे असतील. तेही कळू दे.

'तुम्ही एका बेरोजगाराची जागा अडवून बसला आहात' असंही काही जण तुम्हाला सुनावतील. मला तो मुद्दा पटत नाही. स्टार्टअपने तुम्हाला घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणाला घेतलंच असतं, असं ठामपणे म्हणता येत नाही. त्या ओझ्याखाली वाकू नका. पण लहान मुलं सांभाळत, आजाऱ्यांचं करत प्रामाणिकपणे घरून काम करणाऱ्या कितीतरी बायका-पुरुषांवर आता कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती येते आणि त्याचं निमित्त अशीच प्रकरणं होतात, हे मात्र मला टोचतं.

मार्चचं बोलू. मार्चपर्यंतचे तुम्ही मला कळतात. बापाच्या छातीवर टाके आहेत, सावकारासारखा पर्सनल लोनचा हप्ता मागे लागला आहे, समोर ऑफर आली आहे. त्या आठवड्यात मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण गरज मार्चमध्ये संपली. त्यानंतरचं कारण तुम्ही एका शब्दात दिलंत: "सवय". दोन्ही मिळून हातात दोन लाखांच्या वर येतात, फ्लॅटचा हप्ता अठ्ठेचाळीस हजार. किती झाले म्हणजे पुरे, हा आकडा तुम्ही कुठेच लिहिलेला नाही. तो आज रात्री लिहा. आकडा नसेल तर तिसरी नोकरीही येईल. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या एका तरुण अभियंत्याची गोष्ट जगभर गाजली. तो एकाच वेळी अमेरिकेतल्या अनेक स्टार्टअपमध्ये नोकरी करत होता. त्याचं बिंग पीएफमुळे किंवा कराच्या कागदांमुळे फुटलं नाही. एका संस्थापकाने जाहीरपणे इतरांना सावध केलं आणि बाकीचे म्हणाले, अरे, हा तर आमच्याकडेही आहे. त्याने स्वतःही मुलाखतीत ते कबूल केलं आणि पैशांची नड होती असं सांगितलं. मला त्याच्याबद्दल वाईटच वाटलं.

कोणती सोडायची? स्टार्टअप तेवीस हजार जास्त देतं, म्हणून तुमचा कल तिकडे दिसतो. पण तुमच्या हिशेबात एक रकाना सुटला आहे. पहिल्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत, स्टार्टअपच्या विम्यात नाहीत. ती नोकरी सुटली की ते कवच जाईल. वडिलांची नवी पॉलिसी काढायची तर हृदयाचं दुखणं 'आधीपासूनचा आजार' धरलं जाईल. २०२४ पासून त्यासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, म्हणजे तीन वर्षं त्या दुखण्यापुरता दावा मिळणार नाही असंही होऊ शकतं. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वडिलांना हलवता येईल का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तेवीस हजारांचा फरक यात किती उरतो, ते मग बघा. ऑफिसात जाण्यायेण्याचा ताप, नव्वद दिवसांची नोटीस आणि स्टार्टअपकडे पुढच्या वर्षाचे पैसे आहेत की नाहीत, हेही जोडून घ्या. माझं मत विचाराल तर वडिलांचा विमा दुसरीकडे पक्का होईपर्यंत पहिली सोडू नका. मन त्या स्टार्टअपच्याच कामात रमत असेल, तर सहा महिन्यांनी रीतसर पेपर टाकून तिकडे जाण्याचा रस्ता उघडा आहे.

मात्र पहिली ठेवणार असाल तर टीम लीडला होकार देण्याआधी दुसरी सुटलेली असली पाहिजे. यावर मी ठाम आहे. लीड झाल्यावर इतरांची टाइमशीटं तुमच्याकडे मंजुरीला येतील. त्या मुलीचंही येईल.

कबुलीबद्दल. एचआरकडे जाऊन सगळं सांगून मोकळे व्हा, असं मी म्हणणार नाही. कागदावर ते शोभून दिसतं, पण तुमच्या बाबतीत दोन्ही नोकऱ्या एका दिवसात जातील, रिलीव्हिंग लेटर अडकेल आणि विमाही जाईल. त्याची झळ मिरजेपर्यंत पोहोचेल. तरी यात काहीतरी अपुरं राहतं, हे मी लपवत नाही. क्लायंटने ज्या तासांचे पैसे दिले ते तास परत येत नाहीत. मग निदान आजपासून खोटं थांबू दे. या शुक्रवारी टाइमशीटमध्ये खरे तास लिहा. कुणी थेट विचारलं तर नाही म्हणू नका. दर वर्षी 'माझी अन्य कोठेही नोकरी नाही' असा फॉर्म येत असेल तर दुसरी सुटेपर्यंत त्यावर सही करू नका. स्टार्टअपला राजीनामा देताना 'वैयक्तिक कारण' एवढं पुरेल. वडिलांचं नाव पुन्हा यात आणू नका.

कराचं मात्र लांबवू नका. "दोन्हीकडे टीडीएस कापला जातो" म्हणजे कर भरला गेला, असं होत नाही. दोन्ही कंपन्या आपलाच पगार तुमचं एकमेव उत्पन्न आहे असं धरून कापतात. नव्या करप्रणालीत पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट दोघीही देतात, कमी दराचे टप्पे दोघीही लावतात. विवरणपत्रात दोन्ही पगार एकत्र आले की मोठी रक्कम भरायची निघते. ती दहा हजारांच्या वर असेल आणि आगाऊ कर भरलेला नसेल तर व्याजही लागतं. सरळ मार्ग असा की एका मालकाला दुसऱ्या पगाराची माहिती द्यावी, म्हणजे तो एकत्र हिशेबाने कापतो. तुम्हाला ते शक्य नाही. म्हणून सीएकडे जा आणि त्यांच्यापासून काही लपवू नका. गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात एकच पगार दाखवला असेल तर ते दुरुस्त करण्याबद्दल आधी विचारा. आयकर खात्याच्या २६एएस या करकपातीच्या नोंदीत आणि वार्षिक माहिती विवरणात दोन्ही कंपन्यांची नावं आधीच आलेली आहेत. स्टार्टअप पीएफ कापत नाही म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. पण वीस माणसं झाली की आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो आणि ती कंपनी वाढते आहे, असं तुम्हीच लिहिलंत. यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, माणसाला एकच असतो, त्यामुळे एकाच महिन्यात दोन मालक त्यावर दिसले की पुढच्या प्रत्येक बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला त्याचं उत्तर द्यावं लागेल. दोन्हीकडचा कोड, क्लायंटची माहिती, पासवर्ड यांतलं काही एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर गेलेलं नाही ना, हे स्वतःशी प्रामाणिक राहून तपासा. गेलं असेल तर वकिलाला हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगा. लॅपटॉप परत पाठवताना कुरियरची पावती जपून ठेवा.

याच उंबरठ्यावर उभे असलेले आणखी काही वाचक असतील, त्यांच्यासाठी थोडं लिहिते. घरात आजारपण निघालं आणि पैशांची ओढ लागली तर दुसऱ्या ऑफर लेटरवर सही करण्याआधी काही दारं ठोठवून पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. बायपाससारख्या शस्त्रक्रिया त्यात बसतात, मात्र योजनेतलं रुग्णालय हवं. दाखल करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, बिल झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. आजारपणासाठी स्वतःच्या पीएफमधून पैसे काढता येतात. कंपनीकडे पगाराची उचल मागता येते. मागायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. चौदा महिने खोटं बोलण्यापेक्षा ती लाज सोपी आहे.

जास्तीचं उत्पन्न हवंच असेल तर लेखी विचारा. "शनिवार-रविवारी अमुक प्रकारचं काम करू इच्छितो, आपल्या ग्राहकांशी त्याचा संबंध नाही, आपला लॅपटॉप वापरणार नाही" अशा तीन ओळींचा मेल पुरतो. नाही म्हणाले तर निदान कळलं. मग पगारवाढ मागा, नाहीतर जिथे कामाचे पैसे मिळतात, तासांचे नाही, अशा कंत्राटी कामाकडे वळा. तुम्ही चार तासांत आठ तासांचं काम करू शकत असाल तर ते कसब कुठेतरी उघडपणे विकता येतं. तुमच्यासकट सगळ्यांनाच हे लागू आहे.

आता त्या मुलीचं. तिला सगळं सांगायची गरज नाही आणि तिच्या पदरात तुमचं गुपित टाकणं हाही तिच्यावर अन्यायच होईल. पण पुढच्या वेळी "काका कसे आहेत?" विचारलं की खरं उत्तर द्या: "बरे आहेत. बरेच महिने झाले, पूर्ण बरे आहेत. मी तुझ्यावर फार भार टाकला, तो टाकायला नको होता." ती थोडी गोंधळेल. गोंधळू दे. मग रिलीजचं कॅलेंडर उघडा. पुढच्या रात्रीच्या रिलीजपुढे तिचं नाव असेल. ते खोडून तुमचं लिहा आणि तिला सांगा, आज वेळेवर जेव आणि झोप.